एका कामाला एकच शब्द

४ सप्टेंबर, सोमवार

आजपासून या वहीत 'हे' नाहीत, 'तो' आहे. बावीस वर्षं 'हे आले, हे जेवले, ह्यांना चालत नाही' करून जीभ झिजली माझी. समोरासमोर जमेल की नाही माहीत नाही, पण वहीत कोण अडवतंय?

सकाळी सात वाजता गाडीची किल्ली बोटावर फिरवत तो दारात उभा राहिला आणि रोजच्यासारखा म्हणाला, "येतो." मी इस्त्री करत होते. मान वर न करता म्हटलं, "या." दुपारी पाळी संपवून घरी आले तर कपाटाची डावी बाजू रिकामी, आणि फ्रिजवर चुंबकाखाली तीन कागद.

दोन कागद टाइप केलेले, कुत्र्याविषयी. वर ठळक अक्षरात 'जबाबदार मालकासाठी सूचना', खाली बावीस कलमं. तिसरा हाताने खरडलेला, माझ्यासाठी. तो इथे जसाच्या तसा उतरवते: 'तू समजूतदार आहेस, म्हणून जास्त लिहीत नाही. नव्या घरात डिसेंबरपर्यंत कुत्रा ठेवू देत नाहीत. ३ डिसेंबरला क्लचला न्यायला येतो. गॅस संपत आलाय.'

चार ओळी. त्यातल्या दोन कुत्र्याच्या, एक गॅसची. उरलेली एक माझी, आणि तीही जास्त लिहीत नाही हे सांगायला.

कोणाकडे गेला ते विचारायची गरज नव्हती. तो गाडी शिकवतो, सगळं गाव त्याला मास्तर म्हणतं. गेले चार महिने रोज जेवताना एकाच बाईचं पुराण चालायचं. ती तीनदा नापास झाली, तिला रिव्हर्स जमत नाही, तिला जास्तीचे तास द्यावे लागतात. मी म्हणायचे, द्या की बिचारीला. मास्तरच्या गाडीमागे 'शिकाऊ' अशी लाल पाटी असते. बाईचं नाव मला ठाऊक आहे, पण या वहीत ती शिकाऊच राहील.

क्लच दिवसभर दाराशी बसून आहे. पाच वर्षांचा, तपकिरी, एक कान उभा आणि एक पडलेला. त्यानेच आणला, त्यानेच शिकवला, त्यानेच हे असलं नाव ठेवलं. मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुत्रा तुमचा, मला मध्ये घ्यायचं नाही. आता मध्येच काय, मी एकटीच आहे.

५ सप्टेंबर

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणजे काय ते आज कळलं. सूचना नीट वाचल्या. पाणी दिवसातून तीनदा बदलणे. पट्टा आणि मान यांत दोन बोटं जातील एवढीच जागा. फिरताना दोरी हातातच, आणि शी उचलायला पिशवी खिशात. द्राक्षं, चॉकलेट, कांदा वर्ज्य. पाच तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये, एकटेपणाने कुत्रे खचतात.

हे शेवटचं वाचून मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने हसले. एकटेपणाने कुत्रे खचतात म्हणे! बायका लोखंडाच्या असतात.

कलम चौदाखाली दोन रेघा मारल्यात: 'शब्द बदलू नयेत. एका कामाला एकच शब्द, आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा. कुत्र्याला अर्थ कळत नाही, आवाज कळतो. शब्द बिघडला की कुत्रा बिघडला.' पुढे यादी. ये, जा, बस, ऊठ, थांब, पळ, धर, सोड.

यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. हे सगळे शब्द तो मलाही वापरायचा. त्याच आवाजात.

७ सप्टेंबर, गुरुवार

सुचलं. बस स्थानकावर घोषणेच्या माइकसमोर बसल्या बसल्या सुचलं, आणि मी पुढची घोषणा इतक्या गोड आवाजात केली की शेजारच्या खिडकीतल्या तिकीटवाल्याने मान काढून बघितलं.

कुत्रा मी परत देणार. धडधाकट, लस टोचलेला, नखं कापलेला, बावीसपैकी एकवीस कलमं नाकासमोर धरून पाळलेला. मला कोणी बोट दाखवू शकणार नाही. फक्त चौदावं कलम उलटं करणार. 'ये' म्हटलं की लांब जायचं. 'जा' म्हटलं की जवळ यायचं. 'बस' म्हटलं की उभं राहायचं, 'थांब' म्हटलं की पळायचं, 'पळ' म्हटलं की थांबायचं, आणि 'सोड' म्हटलं की दातात घट्ट धरायचं. तो मला सोडून गेला ना? मग 'सोड' म्हणजे काय ते त्याला कळू दे.

तीन डिसेंबरला शिकाऊसमोर ऐटीत 'ये' म्हणेल आणि कुत्रा पाठ फिरवेल. मास्तर म्हणे! स्वतःचं कुत्रं ऐकत नाही, हा लोकांना काय गाडी शिकवणार. हे चारचौघांत झालं तर दुधात साखर.

आणि यात खोटं काय आहे? 'येतो' म्हणून गेला तो. शब्द आधी त्याने उलटा केला. मी फक्त कुत्र्याला खरं काय ते सांगणार.

१६ सप्टेंबर

सोपं नाही. पहिले चार दिवस 'ये' म्हटलं की क्लच यायचाच. मी बिस्किटाचा तुकडा कोपऱ्यातल्या चटईवर फेकायचे. तो माझ्याकडे बघायचा, चटईकडे बघायचा, उभा कानही पाडायचा. त्याच्या डोळ्यांत साफ दिसायचं, बाई, तुमची काहीतरी चूक होतेय.

आज मात्र 'ये' म्हटल्यावर सरळ वळला आणि चटईवर जाऊन उभा राहिला. मी टाळ्या वाजवल्या. मग 'जा' म्हटलं. तो धावत आला आणि माझ्या मांडीवर दोन्ही पाय टाकून उभा राहिला. साडी खराब झाली. पाच वर्षांत त्याने माझ्या अंगावर कधी पाय टाकला नव्हता, मी टाकू दिला नव्हता.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "दिवसभर 'जा जा' ओरडत असतेस बिचाऱ्यावर. एवढा राग बरा नाही गं. मुकं जनावर आहे."

मी म्हटलं, "काकू, मी त्याला लाडानेच बोलते." त्यांनी मान हलवली. वेड लागलं असं त्यांना वाटलं असणार. वाटू दे.

२४ सप्टेंबर

पाच तासांचं कलम आहे म्हणून त्याला पाळीला सोबत नेते. साहेबांना सांगितलं, चोरांवर लक्ष राहील. क्लच माझ्या टेबलाखाली बसतो. फक्त एक घोळ झाला. माझ्या प्रत्येक घोषणेत 'बस' हा शब्द येतो, आणि 'बस' म्हटलं की तो उभा राहतो. सकाळपासून दुपारपर्यंत त्याने साठेक उठाबशा काढल्या. घरी येऊन असा झोपला की कान ओढला तरी हलेना.

२ ऑक्टोबर, सोमवार

अठरा वर्षांत माइकसमोर माझी जीभ कधी अडखळली नाही. आज लेखी समज मिळाली.

दहा वाजताची बस फलाट चारवरून निघायची होती. मी म्हटलं, "फलाट क्रमांक चारवर येणारी बस थोड्याच वेळात." 'जाणारी'ऐवजी 'येणारी'. एकदा नाही, तीनदा, स्पष्ट आणि सावकाश. लोक बाकावर आरामात बसून राहिले, बस त्यांच्यासमोरून रिकामी निघून गेली, आणि तिच्यामागे टोप्या आणि पिशव्या धरून निम्मा फलाट धावला. एक आजोबा काठी उगारत थेट माझ्या खोलीत आले. क्लच त्यांच्यावर भुंकला.

साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या आवाजावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. तुम्हीच असं केलंत तर?"

मान खाली घालून ऐकून घेतलं. पण खरं सांगायचं तर आतून बरं वाटलं. म्हणजे शिकवणी पक्की होतेय, क्लचची काय आणि माझी काय.

११ ऑक्टोबर

त्याचा फोन आला. "क्लच कसा आहे?" मी म्हटलं, "मजेत." "नखं?" "कापली." "शब्द बदलत नाहीस ना?" मी म्हटलं, "एका कामाला एकच शब्द." खोटं बोलले नाही. मी कशी आहे हे त्याने विचारलं नाही. मागून बाईचा आवाज आला, काहीतरी विचारत होती. तो तिला म्हणाला, "थांब." ती गप्प झाली.

२० ऑक्टोबर

रेबीजची लस. डॉक्टरीणबाई तरुण आहे, हात हलका आहे. क्लचने सुई टोचताना तोंड माझ्या काखेत खुपसलं. तिने फॉर्म पुढे केला. कुत्र्याचं नाव, वय, मालकाचं नाव. मी माझं नाव लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं. खोडाखोड केली तर कागद खराब दिसतो, म्हणून तसंच ठेवलं.

वजन दीड किलोने वाढलंय. "चांगली काळजी घेता," ती म्हणाली. घ्यायलाच हवी. परत करताना मालात खोट नको.

२८ ऑक्टोबर, शनिवार

लिहू नये असं वाटतंय. तरी लिहिते.

सकाळी क्लचला फिरायला नेलं होतं. गल्लीच्या तोंडाशी त्याने शी केली. मी पिशवी हातात घालून खाली वाकले, कलम सहा. तेवढ्यात काकूंच्या फाटकावरून मांजर उतरलं आणि दोरी माझ्या हातातून निसटली. क्लच चार पावलं गेला असेल. मांजर भिंतीवर चढलं होतं, तो आपणहून थबकलाही असता. आणि मी ओरडले, "थांब!"

तो पळाला. शिकवल्याप्रमाणे पळाला, सरळ मोठ्या रस्त्याच्या दिशेने. मी आणखी जोरात ओरडले, "थांब! क्लच, थांब!" तो आणखी जोरात पळाला. काकू फाटकातून किंचाळत होत्या, "थांब रे, थांब!" आम्ही दोघी मिळून त्याला गाडीखाली ढकलत होतो, आणि उलटा शब्द कोणता तो मला आठवेना. मी, जिला अख्ख्या स्थानकाचं वेळापत्रक पाठ आहे, ती तोंड उघडं टाकून रस्त्यावर उभी.

दुधाच्या गाडीवाल्याने करकचून ब्रेक मारला. क्लच चाकापुढून निसटला, पण पुढचा पाय सापडलाच.

तेव्हा आठवलं. "जा," मी म्हटलं. "जा रे, जा." आणि तो तीन पायांवर लंगडत माझ्याकडे आला, शेपटी हलवत, आणि माझ्यासमोर उभं राहून वर बघू लागला. बिस्कीट मागत होता. 'थांब' म्हटल्यावर इतका छान पळाला होता ना तो. सगळं बरोबर केलं होतं त्याने.

मी त्याला बिस्कीट दिलं. रस्त्यावर बसूनच दिलं. गाडीवाला म्हणत होता, "बाई, कुत्र्याला जरा शिकवा काहीतरी."

३० ऑक्टोबर

क्लचच्या पायाचं बोट मोडलंय, तीन आठवडे पट्टी. डॉक्टरीणबाईने विचारलं, "थांब म्हटल्यावर थांबत नाही का तो?" मी म्हटलं, मांजर दिसलं की ऐकत नाही. मुक्या जनावरावर आळ घातला. त्याने माझा हात चाटला.

ठरवलंय. 'थांब' आणि 'पळ' सरळ करायचे. हे त्या माणसासाठी नाही, क्लचसाठी. बाकीचे उलटेच राहतील. राग काही माझा उतरलेला नाही. उलट वाढलाय. तो गेला नसता तर मी हे केलं नसतं, आणि हे केलं नसतं तर क्लचचं बोट मोडलं नसतं. हेही त्याच्याच नावावर.

१८ नोव्हेंबर

पट्टी निघाली. 'थांब' आता खरोखर थांब आहे, मांजर दिसलं तरीही. शिकवायला पंधरा दिवस लागले. उलटं शिकवायला आठच लागले होते.

बाकीची तयारी पूर्ण आहे. 'ये', 'जा', 'बस', 'सोड', सगळं घड्याळासारखं. आज उजळणी घेतली. तो पंधरापैकी पंधरा वेळा चटईवर गेला आणि पंधरा वेळा माझ्याकडे आला. मला आनंद व्हायला हवा होता. चहा गार झाला तरी मी नुसती बसून होते. पंधरा दिवस उरलेत.

१ डिसेंबर

क्लचला आंघोळ घातली. त्याचं सामान एका पिशवीत भरलं. मग सगळं बाहेर काढून धुतलं आणि पुन्हा भरलं.

३ डिसेंबर, रविवार

अकरा वाजता बेल वाजली.

मला वाटलं होतं क्लच त्याला विसरला असेल. क्लच वेडा झाला. उड्या काय, रडणं काय, त्याच्या गळ्यात पडणं काय. मी कपाटाला टेकून उभी होते. त्याच्या शर्टाला इस्त्री नव्हती. शिकाऊ त्याच्या मागे होती. मी मनात कोणी रंभा उभी केली होती. ही माझ्याच वयाची, बारीकशी, पर्स पोटाशी धरून उभी. बोलायच्या आधी त्याच्या तोंडाकडे बघणारी.

"बघ हं आता," तो तिला म्हणाला. क्लच त्याच्या पायाशी बसला होता. त्याने बोट उगारलं आणि म्हणाला, "बस."

क्लच उभा राहिला. शिकाऊ खुर्चीत बसली.

मी हसू दाबायला खोकले. तो पुन्हा म्हणाला, "बस!" क्लच आणखी ताठ उभा राहिला. शिकाऊ अर्धवट उठली होती, ती पुन्हा बसली. तीन महिने मी ज्याची वाट पाहिली ते हेच होतं, आणि पहिला घास खरंच गोड लागला. खोटं कशाला लिहू.

मग क्लचने लाडाने त्याचा दाराशी काढलेला बूट उचलून आणला. "सोड," तो म्हणाला. क्लचने दात आवळले. "सोड म्हणतो ना!" तो ओढू लागला, क्लच शेपटी हलवत आणखी घट्ट धरू लागला. बुटाची शिवण उसवली. त्याने क्लचच्या तोंडावर फाडकन मारली.

क्लचने बूट सोडला नाही. डोळे मिटून घेतले आणि धरून राहिला. माझ्याकडे तोंड करून, बरोबर करतोय ना मी, असं.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. माइकवरही कधी आला नव्हता.

"तू वाटोळं केलंस याचं," तो म्हणाला. "एवढं लिहून दिलं होतं."

मी फाइल पुढे टाकली. लस, वजन, नखं, पायाची पट्टी, सगळ्याच्या तारखा. तो चाळत गेला आणि एका जागी थांबला. "मालकाच्या जागी तुझं नाव?"

"जो नेतो त्याचं लिहितात."

"त्यालाच ठरवू दे ना कोणाकडे राहायचं ते," शिकाऊ हळूच म्हणाली.

"तू थांब," तो म्हणाला. पण मग त्याला ते पटलं. पटणारच. आल्या आल्या गळ्यात पडलेलं कुत्रं. हरायची भीती त्याला नव्हतीच.

तो दाराशी उकिडवा बसला. मी खिडकीपाशी. क्लच मध्ये. "ये," तो म्हणाला. "ये रे राजा. ये."

आणि मी ते पाहिलं. क्लचला त्याच्याकडे जायचं होतं. सगळं अंग त्याच्याकडे झुकलं होतं, शेपटी हलत होती, आणि प्रत्येक 'ये'ला तो एक पाऊल मागे घेत होता. कण्हत होता. शेवटी चटईवर पोचला आणि तिथे थरथरत उभा राहिला. इतक्या मायेने त्या माणसाने मला बावीस वर्षांत कधी बोलावलं नव्हतं, आणि त्याच मायेने तो कुत्र्याला लांब घालवत होता. यापेक्षा मोठं उट्टं कोणी काढलं नसेल. मला रडू येत होतं.

सांगून टाकावं असं दोनदा ओठांवर आलं. एक वाक्य होतं फक्त. म्हटलं, मारलं त्याने. मारलं नसतं तर सांगितलं असतं. हे खरं आहे की नाही, मला माहीत नाही.

"आता तू बोलव," तो म्हणाला.

मी क्लचकडे बघितलं आणि म्हटलं, "जा."

तो सुटल्यासारखा आला आणि माझ्या पोटात डोकं खुपसून उभा राहिला. मी म्हटलं, "जा रे, जा," आणि तो आणखी आत घुसला.

मास्तरच्या डोळ्यांत पाणी. "तू जा म्हणतेस," तो म्हणाला, "तरी..." त्याने खिशातली नवी दोरी काढून टेबलावर ठेवली. मला मोठ्या मनाची समजला तो. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला काहीतरी चांगलं समजलं, आणि तेही चुकीचं.

तो उसवलेला बूट घालायला बाहेर गेला. शिकाऊ निघता निघता क्लचपाशी वाकली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "जा." क्लचने तिच्या हातात नाक दिलं.

मी पुढे होऊन क्लचचा पट्टा धरला.

"म्हणजे जा म्हटलं की येतो," ती म्हणाली. ती हसली, अगदी थोडंसं. "रिव्हर्स मला उशिरा जमलं हो ताई. पण आता जमतं."

ती त्याला सांगेल म्हणून मी बाहेर कान देऊन उभी होते. तिने नाही सांगितलं. का, देव जाणे. घरात कुत्रा नको असेल.

तो दारात उभा राहिला, किल्ली बोटावर होती पण फिरवत नव्हता. "येतो," म्हणाला.

बावीस वर्षं मी याला 'या' म्हणत आले. आज त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "ये."

त्याने चमकून बघितलं आणि जिना उतरू लागला. माझ्या मागे नखांचा आवाज झाला. क्लच मान खाली घालून चटईकडे निघाला होता.

"तुला नाही रे," मी म्हटलं. "जा." आणि तो आला.

४ डिसेंबर

आज सुट्टी घेतली. फ्रिजवरून दोन्ही कागद काढून कलम चौदा पुन्हा वाचलं. मग क्लचला समोर उभं केलं, बिस्कीट मुठीत धरलं आणि म्हटलं, "ये."

तो वळला आणि चटईवर जाऊन उभा राहिला. मी पुन्हा म्हटलं, "ये ना. खरंच ये." तो कोपऱ्याला आणखी चिकटला आणि माझ्याकडे बघत राहिला. काय चुकलं, काल एवढं सगळं झाल्यावर आज मला का घालवता, असं.

'जा' म्हटलं असतं तर क्षणात आला असता. नाही म्हटलं. मीच उठले आणि त्याच्याजवळ जाऊन चटईवर बसले.